अपेक्षा कुठे तुटते? प्रतीक्षेच्या आणि मरणाच्या कवितांचं तंत्र कसं उलगडायचं

रसग्रहणाच्या उत्तरात एक वाक्य हमखास सापडतं: ‘या ओळीत उपमा अलंकार आल्यामुळे कवितेचे सौंदर्य वाढले आहे.’ हे वाक्य कोणत्याही कवितेखाली खपतं आणि म्हणून कोणत्याच कवितेबद्दल काही सांगत नाही. वाट पाहण्याच्या आणि मरणाच्या कवितांत हा घोटाळा जास्तच होतो. भावना इतकी उघड असते की लिहिणारा हळहळत सुटतो. ती हळहळ कोणत्या क्रियापदानं, कोणत्या यमकानं, कुठल्या रिकाम्या जागेनं उभी केली, हे बघायचं राहून जातं.

खालची पद्धत एम. ए. मराठीच्या, सेट-नेटच्या विद्यार्थ्यांना आणि शाळेत कविता शिकवणाऱ्यांना उपयोगी पडेल अशी आहे. उदाहरणं शक्य तितकी मराठवाड्यातली घेतली आहेत. मूळ गाव आपेगाव असलेले ज्ञानेश्वर आणि नरसीचे नामदेव असताना या विषयासाठी फार लांब जावं लागत नाही.

पहिला प्रश्न

अलंकार शोधण्याआधी कवितेला एकच प्रश्न विचारा: अपेक्षा शिल्लक आहे का?

हा प्रश्न भरताचा आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात विप्रलंभ शृंगार (विरहातलं प्रेम) आणि करुण यांतला फरक सांगताना भरत म्हणतो की करुण हा ‘निरपेक्ष’ भाव आहे आणि विप्रलंभ ‘सापेक्ष’. दोन्हींत अश्रू तेच, निःश्वास तेच, झोप उडणं आणि अन्न न जाणंही तेच. पण विप्रलंभात भेटीची आशा असते, करुणात ती संपलेली असते. म्हणजे प्रतीक्षेची कविता आणि मरणाची कविता एकाच बांधाच्या दोन बाजूंना आहेत, आणि तो बांध म्हणजे अपेक्षा.

त्यामुळे विश्लेषणाचं काम नेमकं होतं. कवितेतलं कोणतं तंत्र अपेक्षा जिवंत ठेवतं आणि कोणत्या ओळीत ती तुटते, एवढं दाखवायचं. काही कवितांत ती तुटतच नाही. काहींत पहिल्या ओळीआधीच तुटलेली असते. उत्तम कवितांत बहुतेक वेळा ती मधेच कुठेतरी, वाचणाऱ्याच्या लक्षात न येता तुटते. ती जागा सापडली की अर्धं काम झालं.

पाठ पक्का करा

कविता मोबाइलवर आलेल्या संदेशातून उतरवून घेऊ नका. संतांच्या अभंगांना पाठभेद असतात. तुकारामांच्या एका प्रसिद्ध अभंगात ‘चकोराचें जीवन’ असाही पाठ फिरतो आणि ‘चकोरा जीवन’ असाही. पहिल्यात सात अक्षरं, दुसऱ्यात सहा. अक्षरमोजणीवर युक्तिवाद उभा करणार असाल तर कोणती गाथा समोर ठेवली ते आधी ठरवा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

आधुनिक कवितेत वेगळीच अडचण येते. भा. रा. तांब्यांची ओळ छापील प्रतीत ‘जन पळभर म्हणतिल हाय हाय’ अशी आहे. आंतरजालावर कुणीतरी शुद्धलेखन सुधारून ‘म्हणतील’ करतं आणि एक मात्रा वाढते. मग विद्यार्थी ‘कवीने इथे मुद्दाम छंद मोडला आहे’ असं लिहितो. छंद कवीनं मोडलेला नसतो, टंकलेखकानं मोडलेला असतो.

ओळी स्वतःच्या हातानं, एक ओळ सोडून एक, वहीत उतरवा. मधल्या मोकळ्या जागेत खुणा करायच्या आहेत.

मोजणी

कविता मोठ्यानं वाचा. पहिल्यांदा अर्थासाठी, दुसऱ्यांदा फक्त चालीसाठी, तिसऱ्यांदा जिथे जीभ अडखळते तिथे पेन्सिलीनं रेघ मारत. मग मोजा.

अक्षरछंद असेल (ओवी, अभंग) तर फक्त अक्षरं मोजायची, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही. बहिणाबाईंच्या ‘आला सास, गेला सास, जीवा तुझं रे तंतर, अरे जगनं-मरनं एका सासाचं अंतर’ यात प्रत्येक तुकडा बरोबर आठ अक्षरांचा आहे. मोठ्या अभंगात चार चरण असतात, ६-६-६-४ अशा अक्षरांचे, आणि यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणाच्या शेवटी जुळतं. चौथा चरण आखूड आणि बिनयमकी. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि दोन्हींच्या शेवटी यमक.

मात्रावृत्त असेल तर लघू अक्षराची एक, गुरू अक्षराची दोन मात्रा. दीर्घ स्वर आणि अनुस्वार-विसर्गाचं अक्षर गुरू. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू धरायचं, पण त्यावर खरोखर आघात येत असेल तरच. ‘पळभर म्हणतिल’ म्हणताना ‘र’वर आघात येत नाही, म्हणून तो लघूच. ‘जगण्याने’मधला ‘ग’ही लघूच. मराठीत मात्रा चुकण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे: संस्कृतचा नियम कान बंद करून लावला जातो.

इथे दोन चुका सांभाळा. अभंगात एखाद्या चरणात एक अक्षर जास्त भरलं म्हणून त्यातून अर्थ काढत बसू नका. अभंग गायचा असतो आणि गाताना शेवटचा ‘अ’ गिळला जातो. एका अक्षराची उणीव-वाढ ही गाण्यातली सवलत आहे. दुसरी चूक उलटी: साच्याचा गुण कवीच्या खात्यावर जमा करणं. ‘चौथा चरण आखूड ठेवून कवीने अपूर्णता सूचित केली आहे’ हे वाक्य ऐकायला छान वाटतं, पण प्रत्येक मोठ्या अभंगाचा चौथा चरण आखूडच असतो. कवीचं श्रेय आहे ते त्या चार अक्षरांच्या जागेत त्यानं काय ठेवलं याचं.

क्रियापदांचा तक्ता

या विषयासाठी सगळ्यात फळ देणारी पायरी ही. पानावर तीन उभे रकाने आखा: क्रियापद, त्याचा काळ किंवा अर्थ (आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ), आणि त्याचा कर्ता. कवितेतलं एकही क्रियापद सोडू नका. सोळा ओळींच्या कवितेला दहा मिनिटं पुरतात.

वाट पाहणं बहुधा वर्तमानकाळात राहतं. मरणाला मात्र तिन्ही काळ चालतात आणि कवी कोणता निवडतो त्यावर सगळा सूर ठरतो.

तांबे भविष्यकाळ निवडतात:

जन पळभर म्हणतिल हाय हाय
मी जातां राहिल कार्य काय?
सूर्य तळपतिल, चंद्र झळकतिल
तारे अपुला क्रम आचरतिल
असेच वारे पुढे वाहतिल…

सोळा मात्रांच्या ओळी, बहुतेक आठ-आठवर तुटणाऱ्या. कर्त्यांचा रकाना भरला की दिसतं: जन, मग एकदा ‘मी’, मग ‘कार्य’, आणि त्यानंतर सूर्य, चंद्र, तारे, वारे. ‘मी’ दुसऱ्याच ओळीत येतो, तोही ‘जातां’ला चिकटून, आणि लगेच नाहीसा होतो. पुढची क्रियापदं ‘-तिल’ या एकाच प्रत्ययावर ओळीनं येत राहतात. जग चालत राहील असं कवी सांगतो तेव्हा व्याकरणही एकसुरीपणे चालत राहतं. त्यात ध्रुवपदाचं यमक बघा: ‘हाय हाय’ला ‘काय’. शोकाला प्रश्नाचं यमक लावलं की शोक थोडा हास्यास्पद होतो. कडकडून रडायच्या जागी खांदे उडवल्यासारखा हा सूर त्या एका यमकातून येतो.

सुरेश भट भूतकाळ घेतात: ‘इतकेच मला जाताना सरणावर कळले होते, मरणाने केली सुटका, जगण्याने छळले होते’. गझलेत रदीफ म्हणजे प्रत्येक शेराअखेर तसाच येणारा शब्द, इथे ‘होते’. काफिया म्हणजे त्याआधीचं यमक, इथे ‘कळले’, ‘छळले’. ओळ अठ्ठावीस मात्रांची, चौदावर यती (थांबा). बोलणारा मेलेला आहे आणि रदीफच ‘होते’ असल्यामुळे त्या गझलेतून भूतकाळाच्या बाहेर पडायला वाट नाही. अपेक्षा संपली हे सांगायला वेगळी ओळ लागलीच नाही, प्रत्येक शेराचं शेवटचं पाऊल तिथेच पडतं. (गझल वाचताना रदीफेचा काळ कुणी बघत नाही, सगळे काफियाच मोजतात. सिराज आणि वली हे जुने गझलकार ज्या शहराच्या नावानं ओळखले जातात त्या औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) पट्ट्यात तरी एवढी काळजी घ्यायला हरकत नाही.)

तुकारामांच्या ‘आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां । तो जाला सोहळा अनुपम्य’ मध्येही भूतकाळ आहे, पण काम उलट. पाहणारा आणि मेलेला एकच, हा विरोधाभास झाला. यमक ‘डोळां’ला ‘सोहळा’ जुळतं. मरण पाहिलेल्या डोळ्यांत पाणी येईल ही कानाची आणि मनाची अपेक्षा, तिथे सोहळा येऊन बसतो. म्हणून लक्षात ठेवायचं: विषय मरणाचा असला म्हणजे रस करुणच असतो असं नाही. करुणाला शोक हा स्थायीभाव लागतो. इथे अपेक्षा नाही आणि शोकही नाही. ‘मरणाची कविता, सबब करुण रस’ ही परीक्षेतली सर्वांत महागात पडणारी सबब आहे.

उपमानांची रांग: एक अभंग पूर्ण

आता एक अभंग सावकाश घेऊ.

भेटीलागीं जीवा लागलीसे आस । पाहे रात्रंदिवस वाट तुझी ॥
पूर्णिमेचा चंद्रमा चकोराचें जीवन । तैसें माझें मन वाट पाहे ॥
दिवाळीच्या मुळा लेकी आसावली । पाहतसे वाटुली पंढरीची ॥
भुकेलिया बाळ अति शोक करी । वाट पाहे उरीं माउलीची ॥
तुका म्हणे मज लागलीसे भूक । धांवूनि श्रीमुख दावीं देवा ॥

नेहमीचं उत्तर: चकोर, सासुरवाशीण, भुकेलं बाळ, तीन दृष्टान्त, आर्तता व्यक्त. एवढ्यावर थांबलात तर अभंगाच्या दारातच थांबलात.

उपमेचे चार भाग वेगळे करा: उपमेय, उपमान, साधारण धर्म, साम्यवाचक शब्द. चकोराच्या कडव्यात चारही आहेत. ‘तैसें’ हा साम्यवाचक शब्द स्पष्ट आहे, चकोर वेगळा आणि ‘माझें मन’ वेगळं. लेकीच्या कडव्यात ‘तैसें’ गळालं. त्याहून मोठी गोष्ट, दिवाळीला माहेरचं मूळ (न्यायला येणारं माणूस) येईल म्हणून वाट बघणारी लेक माहेरच्या रस्त्याकडे बघत नाही, थेट पंढरीच्या वाटेकडे बघते. म्हणजे उपमेय उपमानाच्या घरात शिरलं. बाळाच्या कडव्यातही ‘तैसें’ नाही. आणि शेवटी ‘मज लागलीसे भूक’: बाळाची भूक आता कवीचीच झाली, तुलना उरलीच नाही. चार पायऱ्यांत उपमेचं अंतर मिटत जातं. भेटीची ओढ सांगणाऱ्या अभंगात आधी भेट होते ती उपमेय-उपमानाची.

आता काळ बघा. पौर्णिमा महिन्यानं येते, दिवाळी वर्षानं, भूक आत्ता लागते. पहिल्या दोन प्रतीक्षांना पंचांगात तारीख आहे, म्हणजे त्या संपणार हे ठरलेलं आहे. भुकेला तारीख नसते.

मग पुनरुक्ती. पहिल्या चारही कडव्यांत ‘पाहणे’ आणि ‘वाट’ हे जोडपं आहे, कधी तिसऱ्या चरणात, कधी चौथ्यात, कधी ‘वाटुली’ होऊन. पाचव्या कडव्यात ते नाही. कान चारदा ऐकून पाचव्यांदा त्याची वाट बघतो आणि तिथे येतो आज्ञार्थ: ‘दावीं’. आतापर्यंत बघणारा भक्त होता, आता दाखवणारा देव. आतापर्यंत एक जण जागेवर बसून होता, आता दुसऱ्यानं ‘धांवूनि’ यायचंय. क्रियापदांच्या तक्त्यात कर्ता बदलतो ती ओळ हीच. शिवाय पहिल्या ओळीतलं ‘लागलीसे आस’ शेवटी ‘लागलीसे भूक’ होतं, क्रियापद तेच ठेवून फक्त नाम बदललेलं. आस मनाला लागते, भूक पोटाला.

एवढं सगळं एका उत्तरात लिहायचं नसतं. ‘तैसें’ गळणं आणि ‘वाट पाहे’ची साखळी तुटणं, हे दोन मुद्दे नीट मांडले तरी पुष्कळ.

प्रतीक आपल्या घरचं आणू नका

‘पैल तो गे काऊ कोकताहे । शकुन गे माये सांगताहे’ या ज्ञानेश्वरांच्या विराणीत (विरहाच्या गीतात) कावळा आहे, आणि कावळा दिसला की काहींच्या डोळ्यांपुढे दहाव्याचा पिंड येतो. गोदेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवण्याची वाट बघणारे लोक पैठणला, नांदेडला सगळ्यांनी पाहिलेले असतात. पण या कवितेतला कावळा पाहुणा येणार असल्याचा शकुन सांगणारा आहे. पुरावा कवितेतच आहे: ‘पाहुणे पंढरीरावो घरा कैं येती’. कवितेत पुरावा नसेल तर समाजात रूढ असलेला अर्थ लावायचा नाही, कितीही मोहक वाटला तरी.

या विराणीचं तंत्र आमिषांच्या क्रमात आहे. सोन्यानं मढवायचे ते ‘पाऊ’, दहीभाताची उंडी लावायची ती ‘तोंडीं’, दुधाची वाटी लावायची ती ‘वोंठीं’. पायापासून ओठांपर्यंत बोलणारी सरकत जाते, कारण तिला हवंय ते त्या तोंडातून येणारं उत्तर. क्रियापदं ‘मढवीन’, ‘लावीन’ अशी भविष्यातली आहेत, म्हणजे दिलेलं काहीच नाही. एकीकडे आमिष, दुसरीकडे ‘विठो येईल कायी’ हा प्रश्न. शेवटच्या चरणांत ‘भेटती पंढरीराणे’ असं विधान येतं खरं, पण ते शकुनाच्या भरवशावर. पाहुणा कवितेत पाऊल ठेवत नाही. अपेक्षा शेवटपर्यंत शाबूत राहते, म्हणून ही सापेक्ष बाजूची कविता.

कुणी ‘विरहिणी नायिका’ म्हणून वर्गीकरण लिहितं. चालेल, पण नेमकं लिहा. भरताच्या आठ नायिकांत प्रियकर परगावी गेलेली ती प्रोषितभर्तृका, येणार म्हणून सजून बसलेली ती वासकसज्जा, कामांत गुंतून तो न आल्यानं तळमळणारी ती विरहोत्कंठिता. वर्गाचं नाव लिहून झाल्यावर कवितेतली कोणती ओळ तिला त्या वर्गात बसवते ते लिहिलं नाही, तर नाव लिहून उपयोग नाही.

मरणाचं नाव न घेणं

मराठीत मरण सरळ सांगायची रीत नाही. माणूस ‘जातो’, ‘वारतो’, संत समाधिस्थ होतो, दिवा मालवतो, कुंकू वाढवतात. कवितेत मृत्यू शोधताना हे सगळे आडवळणाचे शब्द तपासा. शास्त्रात याला पर्यायोक्ती म्हणतात.

ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली. त्या प्रसंगावरच्या नामदेवांच्या अभंगांत ही ओळ येते: ‘नामा म्हणे आतां लोपला दिनकर । बाप ज्ञानेश्वर समाधिस्थ’. इथे शब्द बदलून बघायची कसोटी लावा. ‘लोपला’च्या जागी ‘मावळला’ ठेवा. सूर्य मावळला तर उद्या उगवेल, अपेक्षा राहिली. ‘लोपला’ म्हटलं की उद्याचा भरवसा गेला. अपेक्षा तुटते ती याच शब्दावर. दुसऱ्या अर्ध्यात क्रियापदच नाही. ‘समाधिस्थ’ हे विशेषण आहे, आणि क्रिया नसली की काळही नसतो. चार अक्षरांच्या आखूड चरणात तो एकच शब्द मावतो. नातं सांगणारा ‘बाप’ हा घरगुती शब्द शेजारी ठेवल्यामुळे तो जड शब्द रुक्ष वाटत नाही.

याच समाधीच्या अभंगांत निवृत्तिनाथांचा शोक सांगताना फुटलेल्या तळ्याची आणि आळा सुटून रानोमाळ पांगलेल्या पेंढीची प्रतिमा येते. त्यातही मरणाचा शब्द नाही. बांधलेलं सुटलं, एवढंच.

सरावासाठी एक

ही ओळींची जुळवाजुळव फक्त सरावासाठी केली आहे. आधी स्वतः वाचा, तक्ता करा, मग पुढे या.

मृग कोरडाच गेला
बाप पाहे आभाळाला
तिफणीच्या चाड्यावर
कोळ्यानं संसार केला

आर्द्रात पाऊस आला
तिफणीला मूठ नाही
दारामध्ये बाज रिती
वाट आता कोण पाही

प्रत्येक ओळ आठ अक्षरांची. मृग साधारण ७-८ जूनला लागतं, आर्द्रा २१-२२ जूनच्या सुमारास. दोन कडव्यांमधली मोकळी ओळ म्हणजे फार तर पंधरवडा. बाप मेला असं कुठेच म्हटलेलं नाही, पण पहिल्या कडव्यात ‘पाहे’चा कर्ता ‘बाप’ आहे आणि शेवटी ‘पाही’चा कर्ता ‘कोण’. क्रियापद जवळजवळ तेच, कर्ता गायब. मृत्यू त्या मोकळ्या ओळीत घडला.

‘गेला’ आणि ‘आला’ बघा. दोन्ही कडव्यांची पहिली ओळ या दोन शब्दांवर संपते. ‘गेला’ मृगाबद्दल आहे, पण मराठीत तो मेलेल्या माणसाबद्दलचाही शब्द आहे. हा श्लेष पहिल्या वाचनात लक्षात येत नाही, शेवट वाचून परतल्यावरच कळतो. जो शब्द दुसऱ्या वाचनात अर्थ बदलतो त्याखाली नेहमी दोन रेघा मारा.

‘मूठ’ समजायला शेतीची माहिती हवी. तिफण हे पेरणीचं अवजार, चाडं म्हणजे तिफणीवरचं बियाणं सोडायचं भांडं, आणि पेरणाऱ्यानं त्यावर मूठ धरायची. ‘मूठ नाही’ म्हणजे पेरणारा हात नाही. लक्षणा (शब्दाच्या मूळ अर्थाऐवजी त्याच्याशी जोडलेला अर्थ घेणं) इथे आहे: हातासाठी मूठ, माणसासाठी हात. कोळ्याच्या जाळ्याला ‘संसार’ म्हणणं हे मानवीकरणाचं उदाहरण, पण तेवढं लिहून थांबू नका. मोडणार आहे तो बापाचा संसार, आणि मांडलेला दिसतो तो कोळ्याचा.

अपेक्षा कुठे तुटते? पाऊस आला, म्हणजे अपेक्षा तर पुरी झाली. पण जिला पुरी व्हायची ती अपेक्षा धरणारा उरला नाही. पाऊस येण्याची ओळ आणि तुटण्याची ओळ शेजारी शेजारी आहेत, पाचवी आणि सहावी. यमकही तिथेच बदलतं. पहिल्या कडव्याचा ‘-ला’ पाचव्या ओळीत एकदा पुन्हा येतो, जणू कविता तशीच पुढे जाणार, आणि मग ‘नाही’ येऊन नवं यमक सुरू करतो. दोषही सांगायला हवा: ‘आता’ हा शब्द थोडा जास्त बोलतो. रिती बाज दाखवल्यावर त्याची गरज नव्हती, आठ अक्षरं भरायला तो आला आहे. असा भरीचा शब्द थोरांच्या कवितेतही सापडतो आणि सापडला तर लिहायला घाबरू नका.

मुक्तछंद

मराठवाड्यातली अलीकडची बरीच कविता मुक्तछंदात आहे. तिच्यात दुष्काळ आहे, ऊसतोडीला कोयता घेऊन गेलेल्यांची मागे राहिलेली म्हातारी माणसं आहेत. मोजायला छंद नसला तरी ओळ कुठे तोडली ते मोजता येतं. क्रियापदाआधी ओळ तुटली असेल तर डोळा पुढच्या ओळीत क्रियापदाची वाट बघतो. एका शब्दाच्या ओळी, विरामचिन्हांचा अभाव, एखादं वाक्य पूर्णच न होणं, या खुणा टिपा. सगळ्या ओळी एकत्र करून गद्यासारख्या सलग लिहा आणि वाचा. काही हरवलं नाही, तर ओळी तोडण्यात कवीचं काही कसब नव्हतं असं समजायला हरकत नाही.

लिहिताना

दहावीला आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन मुद्दे देतात. ते तीन कप्पे झाले. विश्लेषणात मात्र तिन्ही एकाच परिच्छेदात यावे लागतात: ओळीतला नेमका शब्द, त्यातलं तंत्र, आणि त्यानं अपेक्षेचं काय केलं. नमुना:

‘“लोपला दिनकर” या रूपकात ज्ञानेश्वर हे सूर्य आहेत. कवी “मावळला” न म्हणता “लोपला” म्हणतो, त्यामुळे पुन्हा उगवण्याची शक्यता शब्दातच संपते. पुढच्या चरणात “समाधिस्थ” हे क्रियापदाविना येते आणि वाक्याला काळ राहत नाही. म्हणून ही ओळ विरहाची न राहता करुणाची होते.’

तीन-चार वाक्यं, दोनच अवतरणं. पूर्ण कडवं उतरवून काढू नका, तपासणाऱ्यासमोर ते असतंच. ‘कवीला असे म्हणायचे आहे की’ ही सुरुवात टाळा, तिच्यानंतर नेहमी कवितेचं गद्य भाषांतर येतं. कवीच्या आयुष्यातला मृत्यू कवितेला पुरावा म्हणून वापरू नका. कविता आधी लिहिली गेली असण्याचीही शक्यता असते, आणि तसं नसलं तरी चरित्रातून यमकाचं काम कळत नाही.

चाळीस मिनिटं असतील तर दहा वाचन आणि मोजणीला, दहा तक्त्याला, पाच तुटण्याची ओळ शोधायला, उरलेली लिहायला. तीन तंत्रांपेक्षा जास्त घेऊ नका. चौथं सापडलं असेल तर आधीच्या तिघांतलं सगळ्यात कमकुवत काढून टाका.

पुढचा सराव म्हणून तुकारामांचाच ‘कन्या सासुर्‍यासि जाये । मागें परतोनी पाहे’ हा लहान अभंग घ्या. बहुतेक चरण आठ अक्षरांचे आहेत. ‘पाहे’ कितीदा येतं, प्रत्येक वेळी त्याचा कर्ता कोण, आणि शेवटच्या ओळीतल्या मासोळीला पाहायची सवड का मिळत नाही, हे तक्त्यातून शोधा.